मोहल्ल्याची मोजणी: नागपाड्यापासून गोवंडीपर्यंत

मुंबईच्या कुठल्याही मुस्लीम मोहल्ल्यात गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, हातात फॉर्मचा गठ्ठा धरलेला माणूस शिरला की गल्लीत कुजबुज सुरू होते. ‘सर्वेवाले आये है.’ मग दाराचा पडदा थोडा सरकतो आणि आतून प्रश्न येतो, ‘किस लिए?’ घरात किती माणसे, किती कमावतात, कोण आजारी आहे, मूळ गाव कुठले, हे सांगायला हरकत काहीच नसते. पण हा कागद पुढे कुणाच्या टेबलावर जाणार, याची खात्री नसते. २०१९-२०च्या नागरिकत्व कायद्याच्या वादळात तर ही भीती इतकी वाढली की साध्या सरकारी पाहणीसाठी फिरणाऱ्या प्रगणकांनाही अनेक ठिकाणी दारातून परत जावे लागले.

या संशयाला आपण अडाणीपणा म्हणून मोकळे होतो. शिकलेले मुसलमानही म्हणतात, ‘आपल्या लोकांना सर्वेक्षणाचे महत्त्वच कळत नाही.’ मला हे अर्धसत्य वाटते. या भीतीला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो मुंबईच्या नागपाडा-मदनपुरा पट्ट्यात सुरू होतो. गंमत म्हणजे वस्तीचा अभ्यास करून वस्तीचे जगणे सुधारण्याची जी परंपरा भारतात उभी राहिली, तिचा एक मोठा धागाही याच पट्ट्यातून निघतो. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्याशिवाय आज गोवंडीत, मुंब्र्यात किंवा मालवणीत काय करायला हवे, ते कळणार नाही.

प्लेग आणि दारावरची थाप

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरने प्लेगचे पहिले रुग्ण ओळखले. पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर गावाकडे पळाले. सरकारने कडक उपाय सुरू केले. घरोघरी झडती, रुग्णाला उचलून इस्पितळात नेणे, नातेवाईकांना वेगळ्या छावणीत ठेवणे, सामान जाळणे, घरांवर खुणा करणे. ज्या घरांना सूर्यप्रकाश नाही, हवा नाही, त्या घरांची मोजदाद झाली. शहराने गरिबांच्या घरात इतक्या बारकाईने डोकावण्याची ही पहिलीच वेळ होती.

९ मार्च १८९८ रोजी या सगळ्याचा स्फोट झाला. मदनपुऱ्यालगत रिपन रोडवर उत्तर भारतातून आलेल्या जुलाहा विणकरांची वस्ती होती. एका आजारी मुलीला न्यायला प्लेग अधिकाऱ्यांचे पथक आले. विणकरांनी तिला नेऊ दिले नाही. जमाव जमला, दगडफेक झाली, गोळीबार झाला आणि दंगल शहरात पसरली. सरकारी कागदांत ही घटना ‘धर्मांध मुसलमानांचा उद्रेक’ या चौकटीत बसवली गेली. वास्तविक त्या काळात हिंदू गिरणी कामगारांनीही तितकाच विरोध केला होता. प्रश्न घराच्या उंबरठ्याचा आणि घरातल्या बाईमाणसाच्या इभ्रतीचा होता. इस्पितळात गेलेला माणूस परत येत नाही, हा अनुभवही ताजा होता.

त्याच वर्षी, १८९८ मध्ये, मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. ‘अनारोग्यकारक’ वस्त्या पाडून तिथे रुंद रस्ते आणि हवेशीर घरे बांधणे हे तिचे काम. ट्रस्टची पहिली योजना कुठली? नागपाडा. मोजणी झाली, नकाशे झाले आणि घरे पडली. नवी घरे मात्र त्या गतीने आणि त्या भाड्यात झाली नाहीत. उठवलेली कुटुंबे शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींत शिरली आणि तिथली गर्दी आणखी वाढली. ज्या दाटीवर उपाय करायचा होता, ती दाटी पाडकामानेच दुसरीकडे हलवली. वस्तीने यातून एक धडा घेतला: कुणी मोजायला आले की पुढे कुणी पाडायला येते. तो धडा चुकीचा होता असे मला म्हणवत नाही.

एका अधिकाऱ्याचा कोन

तरीही त्या काळातले सगळे काम वाया गेले असे नाही. सुधार ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर हे नाव आज फारसे कुणाला ठाऊक नाही. मुंबईच्या चाळींत उजेड आणि हवा किती पोहोचते, याचा त्यांनी पिच्छा पुरवला. या विषयावरचे त्यांचे व्याख्यान १९१२ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावून धरला. भूमितीत न शिरता सांगायचे तर, समोरची इमारत जितकी उंच, तिच्या निदान निम्मी मोकळी जागा दोन इमारतींमध्ये हवी. चाळीस फुटांची इमारत असेल तर वीस फूट मोकळे. म्हणजे तळमजल्याच्या खोलीतल्या माणसालाही आभाळाचा तुकडा दिसेल. हा नियम लक्षात ठेवा. शंभर वर्षांनी गोवंडीत आपल्याला तो पुन्हा भेटणार आहे.

पुढच्या दशकात कामगारांच्या घरांचा आणि आरोग्याचा अभ्यास वाढला. पॅट्रिक गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरसकट पाडापाडीला त्यांचा विरोध होता. आधी निदान करा, मग उपचार करा आणि कापायचेच असेल तर जेवढे सडले तेवढेच कापा, अशी त्यांची भूमिका होती. १९२५ मध्ये बर्नेट-हर्स्ट यांचे मुंबईतील मजूर आणि त्यांची घरे यांवरचे पुस्तक आले.

याच काळातला एक आकडा फार गाजला. १९२१ साली एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांमध्ये नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ८२८ बालमृत्यू, तर चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत १३३. हजारात आठशे अठ्ठावीस! वाचून अंगावर काटा येतो. पण यात एक मेख होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या बायका बाळंतपणाला गावी जात. जन्माची नोंद गावात आणि पोर मुंबईत दगावले तर मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे भागाकारात वरचा आकडा पूर्ण आणि खालचा अपुरा राही. एका खोलीत पोरे मोठ्या प्रमाणात मरत होती हे खरेच. पण आकडा जसाच्या तसा खरा नव्हता. कामगार बाई कुठे बाळंत होते, हे तिला विचारल्याशिवाय तो नीट वाचताच येत नव्हता. टेबलावर बसून केलेली मोजणी आणि वस्तीत जाऊन केलेली मोजणी यांत हा फरक असतो.

असे विचारणारी एक बाई त्या काळात होती. मुंबई सरकारने गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या चौकशीसाठी डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली होती. १९२१-२२ मध्ये त्या चाळींत फिरल्या. बाळंतपणाच्या अगदी आधीपर्यंत बायका काम करतात, मग पोटासाठी लवकर परततात आणि तान्ह्या पोराला गप्प ठेवायला अफू देतात, हे त्यांनी नोंदवले. त्यांच्या पाहणीनुसार कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांना अफू दिली जात होती. ‘अडाणी आया पोरांना विष देतात’ इतक्यावर हा अहवाल थांबला असता तर तो आयांविरुद्धचा आरोप झाला असता. पण त्यातून पुढे प्रश्न निघाला रजेचा आणि मजुरीचा. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. १९२९ मध्ये कायदा झाला. अशा प्रकारचा तो देशातला पहिला कायदा.

वस्तीच्या अभ्यासातून वस्तीचे भले कसे होते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आधी एक खरी पाहणी, मग त्या पाहणीतून दोष बाईवरून व्यवस्थेकडे सरकणे, मग सभागृहात तो मुद्दा मांडणारा माणूस आणि शेवटी कायदा. यातला एक दुवा तुटला की अहवाल कपाटात जातो.

नागपाड्याचे शेजारघर

ज्या नागपाड्यात सुधार ट्रस्टची पहिली कुदळ पडली होती, तिथेच १९२७ मध्ये वेगळ्या प्रकारचे काम सुरू झाले. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे गृहस्थ. त्यांनी ‘नागपाडा नेबरहूड हाऊस’ उभे केले. शिकागोसारख्या शहरांत गरीब वस्तीतच घर घेऊन राहायचे, शेजाऱ्यांचे जगणे जवळून पाहायचे आणि त्यांच्यासोबत काम करायचे, अशी केंद्रे तेव्हा चालत. हे त्याच धर्तीचे होते. दवाखाना, वाचनालय, रात्रीचे वर्ग, व्यायाम, खेळ. आसपास मुसलमान, यहुदी, ख्रिस्ती, दलित, सगळ्यांचीच वस्ती. सआदत हसन मंटोने आपल्या कथांतून अमर केलेला इलाका हाच.

मॅनशार्ट यांच्या लक्षात आले की चांगल्या मनाने काम भागत नाही. वस्ती समजून घेणारी, नोंदी ठेवणारी, प्रश्नाचे मूळ शोधणारी प्रशिक्षित माणसे हवीत. टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. भारतातली समाजकार्याची ही पहिली व्यावसायिक शिक्षणसंस्था. सुरुवात झाली ती नागपाड्याच्या त्याच केंद्रात. मॅनशार्ट तिचे पहिले संचालक. १९४४ मध्ये तिचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि १९५४ पासून ती देवनारला आहे.

म्हणजे देशभरातल्या समाजकार्याच्या शिक्षणाचा पाळणा एका मुस्लीमबहुल मोहल्ल्यात हलला. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत असते? नागपाडा म्हटले की गुन्हेगारीच्या बातम्या आणि सिनेमातले डॉन आठवतात. इथून एक विद्याशाखा सुरू झाली, हे मोहल्ल्यातल्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही.

फुटपाथवरच्या बायका

आता १९८१ मध्ये येऊ. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते बॅ. अ. र. अंतुले. राज्याचे पहिले मुस्लीम मुख्यमंत्री म्हणून आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो, आणि निराधारांसाठीच्या योजनेमुळे घ्यावेही. पण १३ जुलै १९८१ रोजी, भर पावसात, फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या गावी पाठवण्याची घोषणा त्यांचीच होती. आपला माणूस खुर्चीत बसला म्हणजे आपल्यातल्या गरिबाचे घर वाचते असे नाही, ही नोंद इतिहासात राहायला हवी.

पोलिसांनी झोपड्या तोडल्या, लोकांना बसमध्ये घालून शहराबाहेर पाठवले. पत्रकार ओल्गा टेलिस आणि फुटपाथवासी स्वतः न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी निकाल दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तो लिहिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे त्यातले ऐतिहासिक तत्त्व. पण त्याच निकालाने नोटीस देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकार मान्य केला. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, सवलत मिळाली. पर्यायी जागा द्यायची ती १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्यांना.

१९७६ ची ती गणना जानेवारीत झाली होती. त्यानंतर झोपडीधारकांना फोटोपास मिळाले. फुटपाथवरची बहुसंख्य कुटुंबे त्यात कुठेच नव्हती. वीस-वीस वर्षे भायखळ्याच्या रस्त्यावर राहून, त्याच रस्त्यावर पोरांना जन्म देऊन ही माणसे सरकारी हिशेबात अस्तित्वातच नव्हती. ज्यांना मोजले त्यांच्यावर पूर्वी पाडकाम आले होते. ज्यांना मोजले नाही त्यांच्यावर आता येणार होते.

अशा वेळी ‘स्पार्क’ या संस्थेने वेगळा रस्ता काढला. ती १९८४ मध्ये स्थापन झाली. शीला पटेल आणि त्यांच्या सहकारी आधी नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये काम करत. त्यांनी भायखळ्यात पालिकेच्या दवाखान्याच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये बस्तान मांडले. दार उघडे ठेवले. फुटपाथवरच्या बायका येऊन बसू लागल्या. त्यांत बिहारमधून आलेल्या मुस्लीम बायका मोठ्या संख्येने होत्या. १९८५ मध्ये या बायकांच्या मदतीने फुटपाथवासीयांची गणना झाली. सुमारे ६,००० कुटुंबे, जवळपास २७,००० माणसे. अहवालाचे नाव होते ‘वुई, द इन्व्हिजिबल’, म्हणजे आम्ही, न दिसणारे.

अहवालातून जे पुढे आले त्याने शहराच्या अनेक समजुती खोट्या ठरवल्या. फुटपाथवर राहणारे म्हणजे भिकारी, चोर आणि काल-परवा आलेले उपरे, असे मानले जाई. प्रत्यक्षात ती हातावर पोट असलेली कष्टकरी कुटुंबे होती. बहुतेक देशातल्या दरिद्री जिल्ह्यांतली, भूमिहीन, दुष्काळाने, पुराने किंवा दंगलीने उखडलेली. कामावर चालत जाता यावे म्हणूनच ती फुटपाथवर राहत. लोकलचे तिकीट परवडत नव्हते. त्यांना दूर नेऊन टाकणे म्हणजे काम हिरावणे, हे न्यायालयातल्या युक्तिवादाइतकेच आता आकड्यांतही दिसत होते. पावसाळा संपला, पण ज्याची धास्ती होती तशी सरसकट मोहीम झाली नाही.

त्यापेक्षा मोठा बदल बायकांमध्ये झाला. यातूनच ‘महिला मिलन’ उभी राहिली. ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीतून जोकिन अर्पुथम यांची झोपडपट्टीवासीयांची संघटना त्यांच्याशी जोडली गेली. ही जनता कॉलनी १९७६ मध्ये आणीबाणीत उठवून चिता कॅम्पला नेली होती. ज्या बायकांना रेशन कार्डाच्या खिडकीवरून हाकलले जाई, त्या गटाने रेशन ऑफिसात जाऊ लागल्या. रोजचे दोन-पाच रुपये साठवू लागल्या. त्यांनी आपल्या स्वप्नातल्या घराचे पूर्ण आकाराचे नमुने उभे करून पाहिले. साडीने आणि हाताने मापे घेतली. उंच छताची खोली, वर माळा, म्हणजे कमी जागेत जास्त माणसे झोपतील. कुणा आर्किटेक्टने विचारलेच नव्हते, ते त्यांनी स्वतः ठरवले.

या मोजणीत आणि प्लेगच्या मोजणीत प्रश्न बरेचसे तेच होते. घरात किती माणसे? पाणी कुठून? आजारी कोण? फरक इतकाच की यावेळी विचारणारी शेजारीण होती आणि भरलेल्या यादीची एक प्रत वस्तीत राहत होती. नाव चुकले तर दुसऱ्या दिवशी भांडून दुरुस्त करता येत होते.

घर मिळाले, उजेड गेला

ही कहाणी इथे संपवली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या रेल्वे आणि रस्त्यांच्या मोठ्या प्रकल्पासाठी रुळांलगतच्या हजारो झोपड्या हटवायच्या होत्या. जागतिक बँकेचे कर्ज होते, त्यामुळे पुनर्वसन अनिवार्य होते. याद्या करण्यापासून कुटुंबे हलवण्यापर्यंत याच संघटनांचे काम उपयोगी पडले. रुळांपासून काही फुटांवर जगणाऱ्यांना पक्की घरे मिळाली. पुढे पुनर्वसनाबद्दल तक्रारी झाल्या. बँकेच्या तपासणी पथकाने त्रुटी दाखवल्या आणि २००६ मध्ये बँकेने काही काळ पैसा रोखलाही. लोकांनी केलेली मोजणी सरकारी यंत्रणेचा भाग झाली की तिच्याकडेही संशयाने पाहिले जाते. हा धोका संघटनांनाही टळला नाही.

पण खरा धक्का घरांनीच दिला. हटवलेली कुटुंबे मोठ्या प्रमाणात एम-पूर्व प्रभागात, म्हणजे गोवंडी-मानखुर्द भागात आली. लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड. २२५ चौरस फुटांची घरे. पुनर्वसनाच्या इमारतींसाठी मोकळ्या जागेचे नियम शिथिल केले होते. सात-सात मजल्यांच्या इमारती आणि मध्ये जेमतेम तीन मीटरची गल्ली. ऑर यांचा १९१२ चा नियम लावला तर वीस मीटर उंचीच्या इमारतींमध्ये दहा मीटर मोकळी जागा हवी होती. प्लेगनंतर या शहराला जे कळले होते, ते नवे शहर बांधताना नियमातून वगळले गेले.

परिणाम काय झाला? २०१८ मध्ये ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेचा आयआयटी मुंबईच्या सहकार्याने केलेला अभ्यास पुढे आला. घरोघरी आरोग्याची पाहणी झाली आणि त्याच घरांत उजेड-हवा किती पोहोचते, हेही तपासले गेले. नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाऊंडमध्ये क्षयरोगाचे प्रमाण भयंकर निघाले. इमारतींमध्ये जास्त अंतर असलेल्या शेजारच्या पीएमजी कॉलनीत ते त्यामानाने बरेच कमी होते. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो, खिडकी उघडली की समोरच्याची भिंत आणि गल्लीतला कचरा. तोपर्यंत काय म्हटले जात होते? ‘हे लोक औषधे पूर्ण घेत नाहीत, घाणेरडे राहतात.’ अभ्यासाने बोट इमारतीच्या नकाशाकडे वळवले. डॉ. बार्न्स यांच्या पाहणीनंतर जे घडले होते, तेच पुन्हा घडले.

या प्रभागाची एकूण स्थितीही लपलेली नव्हती. मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात एम-पूर्व प्रभाग सगळ्यात तळाला होता. १९२७ पासूनची देवनारची कचराभूमी, कत्तलखाना, तिच्याभोवती बैगनवाडी, शिवाजीनगर, रफिकनगर. शहराला जे नको ते इथे टाकले गेले आणि जी माणसे नकोत तीही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर सुरक्षिततेसाठी आलेली मुस्लीम कुटुंबेही इथे आणि मुंब्र्यात स्थिरावली. या प्रभागातच टाटा इन्स्टिट्यूटचा परिसर आहे. २०११ मध्ये संस्थेने आपल्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने एम-पूर्व प्रभागाचा प्रकल्प हाती घेतला. वस्त्या-वस्त्यांतून मोठी पाहणी झाली आणि स्थानिक तरुणांना त्यात सामील करून घेतले गेले. नागपाड्याच्या मोहल्ल्यात जन्मलेली संस्था पाऊण शतकानंतर कुंपणाबाहेरच्या मोहल्ल्यात मोजायला आली, असे म्हणता येईल. उशीर झाला, पण आली.

अहवालांचे पुढे काय झाले?

मुसलमानांच्या बाबतीत अहवालांची कमतरता नाही. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. महाराष्ट्रात २००८ मध्ये महमूदुर्रहमान समिती नेमली गेली आणि २०१३ मध्ये तिने अहवाल दिला. त्यातून २०१४ मध्ये पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला. उच्च न्यायालयाने शिक्षणातल्या आरक्षणाला तात्पुरती हिरवी खूण दिली होती, तरी सत्ताबदलानंतर अध्यादेश विरून गेला. आपल्या सभा-संमेलनांत दोन्ही अहवालांचे दाखले दिले जातात. शायरीसारखे ते तोंडपाठ झाले आहेत. पण राज्याची सरासरी सांगणारा अहवाल एखाद्या गल्लीतली गटार कुठे फुटली आहे ते सांगत नाही. पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात सच्चर समितीचे नाव घेऊन काही मिळत नाही. तिथे गल्ली क्रमांक, खोली क्रमांक आणि रुग्णांची संख्या लागते.

गोवंडीतल्या रहिवाशांनी हे ओळखले आहे. वस्तीलगतच्या जैववैद्यकीय कचरा जाळणाऱ्या प्रकल्पाविरुद्ध त्यांनी माहिती अधिकारात क्षयरोगाचे आकडे मिळवले, कागद जुळवले आणि उच्च न्यायालयात गेले. २०२३ मध्ये न्यायालयाने तो प्रकल्प दोन वर्षांत दुसरीकडे हलवायला सांगितले. यात कुणी मोठा नेता नव्हता. धुराने खोकणाऱ्या माणसांनी स्वतः गोळा केलेला पुरावा होता.

इथे मला आपल्या मशिदींची आठवण येते. रमजानमध्ये जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात रेशन किटची यादी होते. जकातीसाठी विधवा, अपंग, कर्जबाजारी कोण, हे जमातीच्या लोकांना ठाऊक असते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर मोहल्ल्यातल्या पोरांनी एका रात्रीत अशा याद्या केल्या होत्या. म्हणजे मोजणी आपल्याकडे होतेच. पण त्या यादीत किट कुणाला दिले इतकेच असते. ती बाई गरजू का झाली, हे नसते. नवरा क्षयाने गेला का? मुलगी शाळेतून का काढली? खोलीचे भाडे किती? मागच्या वर्षीच्या यादीतली किती नावे यंदाही आहेत? ईद झाली की वही बंद होते. आणि एक मोठी उणीव: यादी करणारे बहुतेक पुरुष असतात. त्यामुळे घरातल्या बाईलाच ठाऊक असणाऱ्या गोष्टी तिच्यात येत नाहीत. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या निरक्षर बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी जे केले, ते आपल्या मोहल्ल्यांतल्या पदवीधर मुलींना करता येणार नाही का?

त्यासाठी मोठा निधी लागत नाही. एक गल्ली, साठ-सत्तर घरे, पंधरा प्रश्न. विचारणाऱ्या त्याच गल्लीतल्या. माहिती कशासाठी आहे आणि कुणाला दाखवली जाईल, हे आधी सांगायचे. आजाऱ्यांची नावे बाहेर जाऊ द्यायची नाहीत. यादीची प्रत मोहल्ल्यातच ठेवायची. निष्कर्ष आधी गल्लीतल्या लोकांसमोर वाचून दाखवायचे, चुका सुधारायच्या आणि मग वॉर्ड ऑफिस, दवाखाना, शाळा, नगरसेवक, गरज पडली तर न्यायालय. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच दारांवर जायचे आणि काय बदलले ते विचारायचे.

१८९८ मध्ये मदनपुऱ्याच्या विणकरांनी दार अडवले, कारण आत येणाऱ्याचा हेतू त्यांना माहीत नव्हता आणि कागदावर त्यांचा ताबा नव्हता. आजही पडद्याआडून येणारा ‘किस लिए?’ हा सवाल योग्यच आहे. जो कुणी मोहल्ल्यात फॉर्म घेऊन येईल, मग तो सरकारचा असो, संस्थेचा असो की आपल्याच जमातीचा, त्याने या सवालाचे उत्तर आधी द्यावे. आणि ज्यांच्याकडे उत्तर आहे, त्यांच्यासाठी आपण दार उघडावे.